गोधडीचं पोट

४ ऑगस्ट, लातूर

मने, दूध उतू गेलं. बेडकाच्या काळजाला किती कप्पे ते तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं, आणि गॅसवर दूध ठेवलंय हे पुस्तक उघडलं की विसरतेस. हे पण लिही. हसू नकोस, लिही. पुढं कधी ही वही वाचशील तेव्हा म्हणशील, असं काही झालंच नव्हतं. म्हणून सुरुवात दुधापासून.

मी सांगायचं, नातीनं लिहायचं, असं ठरलंय. मला अक्षर येत नाही. मी 'हाय' म्हणते, ही 'आहे' लिहिते. लिहू दे. तेवढा वेळ हिचं डोकं त्या जाड पुस्तकातून वर येतं, मला तेवढंच पाहिजे.

खोली घरमालकीण शबानाच्या माडीवर. मनीची डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा. दत्तू म्हणाला, 'आई, तू जा तिच्यासंग. रांधून घाल.' दत्तू म्हणजे माझा मुलगा, हिचा बाप. मुरुडला खताचं दुकान. या गल्लीत घरोघर अशाच आज्या आणून ठेवल्यात. क्लास सुटायच्या वेळी सगळ्या दारात उभ्या. बोलतो सुनांबद्दल, बघतो पोरींच्या तोंडाकडे.

९ ऑगस्ट

गोधडी घालायला घेतली. खाली माझं जुनं लुगडं, मधे थर, वरून ठिगळं. मनी डॉक्टर व्हायला दूर गेली की तिच्यासंग जाईल. ठिगळं सगळी घरची. दत्तूचा शाळेतला सदरा, सुनेचं हळदीचं पातळ, मनीचा लहानपणीचा झगा. कडेनं सुरू करून धावदोरा घालत घालत आत यायचं.

मनीला सुई दिली. नको नको म्हणत बसली. टाका बारीक पडतो पोरीचा. कात्री सापडली नाही की दातानं दोरा तोडते. पुढच्या दोन दातांत फट, दोरा बरोबर तिथं बसतो. 'देवानं तुला कात्री तोंडातच दिली,' म्हटलं. रागावली. फट तिला आवडत नाही. मला आवडते.

विचारलं तिनं, हा कोपरा वीतभर उघडा कशाला ठेवलास? ते गोधडीचं पोट. ज्याच्यासाठी गोधडी शिवायची, त्यानं भाकरीचा एक घास दातानं तोडायचा. उरलेली उष्टी भाकर उन्हात वाळवून त्या पोटात ठेवायची, मग कोपरा शिवायचा. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये. आमच्याकडे तसंच.

'किडे होतील आज्जी.'

'होऊ दे. त्यांना पण पोट हाय.'

१७ ऑगस्ट

मनी लिहायला बसली आहे पण नुसती लिहिते आहे. बोलत नाही.

परवा क्लासच्या परीक्षेचे मार्क आले. किती ते मी विचारलं नाही. कालपासून ताट तसंच. 'उद्या खाते आज्जी, आज पोट भरल्यासारखं झालंय.'

हा शब्द मला आवडत नाही. उद्या खाते. मी ताटावरून उठलेच नाही. तिनं चार घास गिळले, माझ्यासाठी.

समोरच्या बिल्डिंगमधली ती उंच पोरगी, लोह्याकडची. दुपारी तिचा बाप आला. गादी, बादली, पुस्तकांची पोती खाली आणली. पोरीला दोन्ही बाजूंनी धरून गाडीत बसवलं. शालीत गुंडाळलेली, एवढ्या उकाड्यात. आज्या सगळ्या आत गेल्या.

मनी खिडकीत उभी होती. मी खिडकी लावली. तिनं परत उघडली.

२२ ऑगस्ट

आज एक गंमत. बाहेर चूल पेटत नाही म्हणून खाली गेले होते... मनी म्हणते, 'आज्जी, खोटं सांगू नकोस, आपल्याकडे गॅस आहे.' बरं, गॅसच लिही. चूल मनात असते माझ्या.

परत आले तर ही गोधडीवर वाकलेली. लाल दोऱ्यानं काहीतरी काढून राहिली.

'वांगं काढलंस का गं?'

'आज्जी! हृदय हाय.'

'मग देठ कशाला?'

'ती महाधमनी.'

चार कप्पे केलेत. एका बाजूला निळा दोरा, एका बाजूला लाल. निळा दोरा शबानाकडून आणला, ती ब्लाउजवर आरीकाम करते. पुस्तकात बघून केलं नाही. हातानंच येत गेलं म्हणाली. मी बोट फिरवून बघितलं. टाका टाक्याला चिकटून. आम्ही कधी गोधडीवर मोर काढला असेल, तुळस काढली असेल. काळीज कुणी काढलं नव्हतं.

रात्री दोन भाकरी खाल्ल्या पोरीनं. भरितासंग. वांग्याचंच केलं मुद्दाम.

३० ऑगस्ट

काळजाशेजारी आता पुस्तकातल्या झाडाच्या देठाचा आडवा काप. बांगडीत बांगड्या ठेवल्यासारखा. त्याच्या खाली बेडूक, पोट फाडलेला. बेडूक मला पटला नाही. 'अंगावर घेऊन झोपायचंय, जरा झाकून दे त्याला.' पोरीनं त्याला माझ्या लुगड्याचा काठ लावून पांघरूण घातलं. आम्ही दोघी किती हसलो. शबाना वर आली बघायला. मोबाईलमध्ये फोटो काढला, म्हणाली, 'मनी, तू डॉक्टर कशाला व्हायली गं?'

शबाना चहाचं निमित्त करून खाली गेली.

अभ्यास करते आहे. हे लिही. पहाटे उठते, पाठ करते, संध्याकाळी टाके घालते. जेवते. मला तर दोन्ही बरं दिसून राहिलं.

८ सप्टेंबर

दत्तू न सांगता आला. क्लासनं मार्क बापाच्या मोबाईलवर पाठवले. मनी क्लासला होती. गोधडी खाटेवर पसरलेली.

ती बघितली त्यानं. मग हळू आवाजात, 'आई, हे करायला ठेवलं का तिला इथं?' ओरडला असता तर बरं झालं असतं.

म्हटलं, 'पोरगी जेवून राहिली दत्तू.'

'जेवायला घरी पण जेवली असती.'

मनी आली. बाप लेकीकडे बघत नाही, लेक बापाकडे बघत नाही. दोघं माझ्याशीच बोलतात. नांदेडला ओळखीच्यांचं होस्टेल आहे, आतच क्लास, आतच जेवण. मोबाईल जमा. फोन फक्त रविवारी. उद्याच जायचं.

सुई-दोरा न्यायचा नाही.

मनीला म्हटलं, हे सगळं लिही. लिहिते आहे.  

११ सप्टेंबर

आता शबाना लिहून राहिली. ती मराठी शाळेत शिकलेली, अक्षर मोत्यासारखं आहे असं तीच सांगते. माझ्यासंग उर्दू मिसळून बोलते, मला समजतं. माझं माहेर निजामाच्या मुलखातलं, तिथं उर्दू कानावर असायची.

खोलीचं भाडं भरलेलं आहे तोवर राहते. गोधडी पूर्ण करायची आहे. पोट तेवढं उघडं.

जाताना मनीला भाकर दिली होती, तोड एक घास म्हणून. दत्तूनं गाडी सुरू केली. 'पुढच्या वेळी आज्जी.' भाकर हातातच राहिली माझ्या.

१५ सप्टेंबर

रविवार. फोन आला.

'जेवलीस का?'

'हो.'

फार लवकर आलं ते हो. मी विचारायच्या आत. 'काय होतं?' तर म्हणे, 'नेहमीचंच.' मागं पोरींची रांग, कुणीतरी म्हणालं, आवर गं. ठेवला.

शबाना म्हणाली, 'अम्मा, खाती होगी.' मी तिला म्हटलं, हे लिहू नकोस. लिहिलं तिनं.

३० सप्टेंबर

भूकंपाचा दिवस. आज सुईला हात लावत नाही मी.

शबानानं विचारलं, ट्रंकेत तळाला दुसरी गोधडी कुणाची? मागं मनीनं पण विचारलं होतं, तिला म्हटलं होतं जुनी आहे. आता सांगते, मनी पुढं वाचेल तेव्हा वाचेल.

ती सरूची. सरू माझी थोरली लेक, दत्तूची बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, जुन्या गावात, मातीच्या घरात. तिच्यासाठी गोधडी घातली होती. सगळी झाली, पोट राहिलं. गणपती बुडवायचा दिवस होता, घरात गोडधोड. मी भाकर पुढं केली, एक घास तोड म्हटलं. म्हणाली, 'आई, आज पोट भरलंय. उद्या खाते.'

पहाटे सगळं खाली आलं.

गोधडी दगडांखालून निघाली. फाटली पण नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो तेव्हा थंडीत सगळे म्हणायचे, पांघरा की. कुणाला दिली नाही. पोट उघडंच आहे तिचं. कुणाच्या भाकरीनं भरायचं?

दुसरी तशी नको मला. एवढंच.

शबाना लिहिता लिहिता थांबली. नाक पुसून घे, वहीवर पडेल.

६ ऑक्टोबर

दसऱ्याच्या धुण्यासाठी भूकंपानंतर वसलेल्या आमच्या नव्या गावी गेले होते. इकडं घात झाला.

होस्टेलवाल्यांनी दत्तूला फोन केला की मनीला कणकण आहे, थंडी वाजते. तो इथं आला, शबानाकडून चावी घेतली, गोधडी उचलली. कोपरा उघडा दिसला, त्याला वाटलं उसवलाय. चौकातल्या टेलरकडून मशीन मारून घेतली. काळीज आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली आणि नांदेडला पोचवून आला. मायेनंच केलं. मला फोनवर सांगतो, 'आई, तुझं उसवलेलं पण शिवून घेतलं. चांगलंच केलं की!'

रिकामं पोट शिवलं रे. स्वतःच्या गोधडीची भाकर चावलेला माणूस तू. ती गोधडी अजून मुरुडला तुझ्याच अंगावर असते.

हे सांगितलं त्याला. मग म्हणाला, 'मला ध्यानातच न्हाई आलं.'

संध्याकाळी मनीचा फोन.

'आज्जी, गोधडी आली.'

'बरं झालं.'

'कोपरा शिवलेला हाय. मशीनचा टाका हाय. पोट कुणी भरलं?'

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलं पण होतं.

'कुणी न्हाई.'

'मग मी पांघरत न्हाई. उशाला ठेवते.'

'थंडी वाजती ना?'

'वाजू दे.' मग म्हणाली, 'आज्जी, वांगं आत गेलं होतं. मी वर काढलं.'

'जेवलीस का मने?'

यावेळी लवकर आलं नाही. आलंच नाही. मागून कुणीतरी नाव पुकारलं आणि फोन गेला.

९ ऑक्टोबर

रविवारची वाट बघत नाही. दत्तू उद्याच नांदेडला जातो म्हणाला. मी सांगितलं नव्हतं, आपणहून. 'आई, घेऊन येऊ का तिला?' असं पण विचारलं. तूच बघ तिच्या तोंडाकडे आणि ठरव, म्हटलं. मीच जाणार होते, पण मी गेले की ती माझ्यासाठी चार घास गिळेल आणि मला काहीच कळणार नाही. ही वही त्याच्या हाती देते. शबाना, अक्षर मोठं काढ, पोरीला कणकण आहे.

मने, ऐक. परीक्षेचं मी बोलत नाही, ते तू आणि तुझा बाप बघा. गोधडी बापाजवळ परत दे. कोपरा तू उसवू नकोस, ब्लेड तर हातात घेऊच नकोस, मी इथं उसवते. आणि त्याच्यासंग खायला पाठव. लोक म्हणतात उष्टं पाठवू नये, मला उष्टंच पाहिजे. तुमच्याकडे भाकर मिळत नाही, ठाऊक आहे. भात पाठवू नकोस, भातावर दाताची खूण राहत नाही. मेसची चपाती पाठव, जाड असली, करपली असली तरी चालेल. घास हातानं तोडायचा नाही. मैत्रिणीकडून चावून घेशील तर कळेल, तुझ्या दातांची फट मी ओळखते. बाप समोर बसलेला असतानाच खा आणि उरलेली त्याच्या रुमालात बांध. उद्याची नको. आजची पाठव.