सहीचा कागद

प्रिय दादा,

चष्मा कागदासोबत ठेवलाय, तो घाल आणि सावकाश वाच. मी तोंडाने बोलायला लागले की तू तिसऱ्या शब्दाला हात वर करतोस, चौथीचा वर्ग गप्प करावा तसा. कागदाला तसं करता येत नाही, म्हणून लिहिते. आज मला मधे कुणी बोललेलं चालणार नाही.

मिरजगावला सगळं ठीक आहे. माझ्या प्रार्थनाचा बारावीचा अभ्यास चाललाय. शेळी व्यायली, दोन पिल्लं, दोन्ही पाटीच. तू नगरच्या या दवाखान्यात पडल्यापासून गावात जो तो मला सांगतो, मरिया, बेंजामिन गुरुजींनी तुझ्यासाठी केवढं केलं, आता तू कर. केलंस खरं. काय केलंस, ते मात्र तुला तोंडावर सांगायचं अकरा वर्षं राहून गेलंय.

माझं अंगावरून जाणं थांबत नव्हतं आणि माझा नवरा यशया ट्रक घेऊन गुजरातेत होता, तेव्हा तूच मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलंस. मी आत खाटेवर, आणि डॉक्टर बाहेर तुझ्याशी बोलले. दुखणं माझं आणि बोलणी दोघा पुरुषांची! आत येऊन तू एवढंच म्हणालास, "बारकी गाठ हाय, काढत्यात. तू नको डोकं लावू." मी नाही लावलं. सही तू केलीस. त्या रविवारी चर्चमध्ये उभा राहून तू मंडळीपुढे साक्ष दिलीस, की बहिणीची पिशवी काढली, प्रभूने तिला वाचवलं, आभार माना. मंडळीने मानले. मला ते कळलं बुधवारी. मंडळीतली रंगुबाई भेटायला आली आणि मोसंबी ठेवता ठेवता म्हणाली, "बरं झालं बाई, पिशवी गेली, कटकट गेली." माझ्या पोटात काय राहिलं नाही ते माझ्याआधी अख्ख्या चर्चला ठाऊक! मी तिच्याकडे बघून हसले. काय करणार होते दुसरं?

प्रार्थना तेव्हा सहा वर्षांची होती. मला अजून एक मूल हवं होतं, दादा. तुला ते माहीत नव्हतं, कारण तू विचारलंच नाहीस. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरनी जुने कागद बघितले आणि म्हणाले, एवढ्याशा गाठीला गोळ्या देऊन बघता आलं असतं, नुसती गाठही काढता आली असती. पिशवी काढणं हाही एक मार्ग होता, पण तुम्हाला काय हवं होतं? मला काय हवं होतं, हे विचारणारा तो पहिला माणूस. घरी येऊन मी दार लावून रडले आणि तुला इतक्या शिव्या घातल्या की त्या या कागदावर मावायच्या नाहीत. तेव्हापासून दर नाताळला तुझ्याकडे करंज्या पाठवते, गोड बोलते आणि वाट बघते. खोटं कशाला सांगू?

आज सकाळी मी तुझ्यापुढे एक कागद धरला. पायाची दोन बोटं काळी पडलीत, ती साफ करायचीत, सही कर, म्हणाले. चष्मा तुझ्या अँड्र्यूने आधीच स्वतःच्या खिशात टाकला होता. तू "आण हिकडं" म्हणालास आणि न वाचता पेन टेकवलंस. देवाशपथ सांगते, मला लई बरं वाटलं. माझ्या वेळीही अस्संच होतं रे, अस्संच! आणि मग मी कागद ओढून घेतला. म्हणाले, पेन उठत नाही. पेन चांगलं उठत होतं.

त्या कागदावर बोटं नव्हती, दादा. गुडघ्याखाली पाय काढायचा होता. डॉक्टर दिशा मॅडमनी काल दोन्ही वाटा आम्हाला सांगितल्या. पाय काढला तर साखरेचं विष वर चढायची भीती कमी, पण पुढे नकली पायावर चालायचं. नुसती बोटं काढली तर तीन महिने रोज ड्रेसिंग. पाय वाचेलही, किंवा मग गुडघ्याच्या वरून जाईल. मॅडम म्हणाल्या, पेशंट शुद्धीवर आहे, त्यांना सांगा, ठरवणार ते. अँड्र्यू मला म्हणाला, "आत्या, पप्पा धसका घेतील. तुमी नुसता कागद पुढं धरा, तुमच्यावर त्यांचा विश्वास हाय." मग मी कागद ओढला तो दया येऊन, असं समजू नकोस. मी तुला माफ केलेलं नाही. मनात आलं, हा गुंगीतून उठेल, पाय गेलेला बघेल आणि चार दिवसांत प्रभूची मर्जी म्हणून मोकळा होईल. एवढ्यावर तुला सोडू? ठरवताना काळजाचं कसं पाणी होतं, ते तुला कळू दे. ते पाणी माझ्याही वाट्याचं होतं. तू तेवढंही मला मिळू दिलं नाहीस. मॅडम चार वाजता येतील. त्यांना सगळं विचार, तुला कशाची भीती आहे ते सांग, समजेपर्यंत सोडू नकोस. मी बाहेर बाकावर आहे. घाबरलास तर हाक मार, येऊन शेजारी बसेन. पण पाय ठेवायचा की काढायचा, हे मला विचारायचं नाही.

तुझीच बहीण,
मरिया