अंगठी दादाकडेच राहिली

मंगळवार संध्याकाळ, शिरगाव

दादाला जाऊन वर्ष होत आलं. त्याचा कॉम्प्युटर उद्या विकायचा, म्हणून आमचा जुना गेम शेवटचा उघडला. एकाच स्क्रीनवर आळीपाळीने खेळायचो. दुसऱ्याची चाल आली की भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे तोंड करून उभं राहायचं, चोरून बघायचं नाही, हा त्याचाच नियम.

गुहा, थडगी पालथी घालून मी काळ्या चिलखताचा संच जमवला होता. त्यातली फक्त अंगठी नव्हती. ती दादाच्या योद्ध्याकडे. आमची सैन्यं एकाच बाजूची, तरी मरेपर्यंत दिली नाही, हलकट.

माझी चाल संपली, स्क्रीनवर त्याचं नाव आलं आणि मी सवयीने भिंतीकडे वळले. वेडीच आहे मी. तेवढ्यात मागे माऊस वाजला. पंखा असेल? पंखा तर बंद होता.

आई चहा घेऊन आली. तिला गेममधलं ओ की ठो कळत नाही, अंगठीचं तर मी कधी बोललेही नव्हते.

"आई, स्क्रीनवर काय दिसतंय गं?"

तिने कप टेबलावर ठेवला, स्क्रीनजवळ वाकली. मग हळूच म्हणाली, "थांब, वळू नकोस. दादा तुला अंगठी देतोय."