दाराखालून

शनिवार, ता. ९

माझ्या नकट्या नाकावरच्या रागाला,

पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांनी निदान माझ्याशी बोलणं तरी सोडलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अक्षर वेडंवाकडं आहे. लिहिणारीचा उजवा हात बांधलाय, डाव्यानं लिहितेय. हसू नकोस, मला तर कुठल्याच हातानं येत नाही.

धुलाईच्या कारखान्यात तुझं आणि तुझ्या जोडीला काम करणाऱ्या त्या उंच पोरीचं, शिडीचं, बिनसलंय म्हणे. इस्त्रीच्या तापल्या रुळात चादर घालताना दोघींनी दोन टोकं धरायची आणि बरोबरच सोडायची. त्या दिवशी चादर तिरकी गेली, ती सरळ करताना शिडीचा हात भाजला. ती सगळ्यांदेखत ओरडली, "हिचं लक्ष कामात नसतंच!" आणि तू साहेबाला लिहून दिलंस, की टोक आधी तिनंच सोडलं. तिला घरी बसवलं. सोमवारी साहेब तुला पुन्हा विचारणार. तू तेच म्हणालीस, की तिचं काम गेलं.

बाई गं, भांड. भांड्याला भांडं लागणारच. पण समोरासमोर भांड, साहेबाच्या खांद्यावर बंदूक ठेवून नको. मला वाचता येत नाही, म्हणून कागदाचं भय वाटतं. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं तिथंच बसून राहतं.

तिनं चारचौघांत तुझा पाणउतारा केला, ही तिची चूक. इथं लिहिणारी थांबली. मी म्हटलं, "लिही."

"आणि गाळलं तर तुम्हाला कळणार आहे का, आजी?"

"नाही ना! म्हणून तर तुला बसवलंय."

लिहिलंय का? बघ.

आता कळलं, कोण लिहितंय? तुझ्या नावानं बोटं मोडत आली होती. चहा पाजला आणि कामाला लावली. टोक आधी कोणी सोडलं, हे मी विचारलं. "तिला माहीत आहे," एवढंच म्हणाली. तुला मी ते विचारत नाही. तू फोन का उचलत नाहीस, ते मला उमगलंय.

टपालाला वेळ नाही. उद्या पत्र हीच आणणार, दाराखालून सरकवणार. तू हे वाचतेस तेव्हा ती बाहेर उभी आहे. फार वेळ उभं राहायची सवय नाही तिला, फणकऱ्यानं निघून जाईल.

कडी काढशील या भरवशावर,
तुझी आजी