स्वालबार्डला ढोल नको

रविवार, १२ एप्रिल, ओंगार

पथकातल्या मित्रांनो, शेजारी तक्रार करतात म्हणून इथे परदेशात आपल्याला ढोल मोकळेपणाने वाजवता येत नाही. मलाही ते सलतं. पण म्हणून जूनच्या सहलीत तो उत्तर ध्रुवाजवळ, स्वालबार्डच्या किनाऱ्यावर वाजवायचा? आज बैठकीत मंदार म्हणाला, "तिथे कोण येणार तक्रार करायला?" मी ताडकन उठले. किनाऱ्यावर विसावलेला वॉलरसांचा, म्हणजे सुळेवाल्या अवाढव्य समुद्री प्राण्यांचा, कळप आवाजाने बिथरून पाण्याकडे धावला, की त्या रेट्यात पिल्लं चिरडली जातात. म्हणूनच तिथे कायदा आहे: प्राण्यांना विनाकारण त्रास द्यायचा नाही. मी फारच ओरडले का? शेवटी मंदारच हसला, "ताई, तुझा आवाज ढोलापेक्षा मोठा. आधी तुलाच बंदी!" हसला, म्हणजे पटलं असणार. आता नुसतं हसू नकोस, मंदार. उद्याच सामानाच्या यादीतून ढोल खोड.