नागपूरच्या विमानाची बारा मिनिटं

बारामती, १७ एप्रिल २०२५

चि. सुमित यास,
करुणाआत्याचे आशीर्वाद व जयभीम.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. फोनवर तू गोड बोलून निसटतोस. कागदावर लिही.

९ तारखेला तुझी आई, माझ्या रंगुवहिनी, सणसरहून थोरल्या बहिणीला शेवटचं भेटायला नागपूरला निघाल्या. आईमागे नकोशीबाईंनीच त्यांना वाढवलं होतं, आणि अंथरुणावरून त्या 'रंगीला आणा' एवढंच म्हणत होत्या. वहिनी रेल्वेने जाणार होत्या. तू म्हणालास की आमच्या कंपनीच्या विमानांचं वेळापत्रक मीच केलंय, डोळे मिटून विमानाने जा. तिकीटही तूच काढलंस: सोलापूरहून हैदराबाद, तिथे चाळीस मिनिटांत विमान बदलायचं आणि नागपूर. सोलापूरचं विमान सव्वीस मिनिटं उशिरा पोचलं. वहिनी धापा टाकत दारापाशी गेल्या. नागपूरचं विमान समोर उभं, दार बंद. पुढचं संध्याकाळी साडेसहाला. नकोशीबाई दुपारी तीनला गेल्या, तेव्हा वहिनी हैदराबादला खुर्चीवर बसून होत्या.

माझी जुनी विद्यार्थिनी स्वराली सोलापूरच्या विमानतळावर तुमच्याच कंपनीत आहे. ती सांगते, नागपूरचं विमान बारा मिनिटं थांबवलं असतं तर जमत होतं. तिथल्या लोकांनी वर विचारलंही होतं. नकार तुझ्या टेबलावरून आला.

माझा एकच प्रश्न आहे. नकार देताना त्या प्रवाशांत तुझी आई आहे हे तुला ठाऊक होतं का?

लोभ आहे. तो वाढावा असं तू काही केलेलं नाहीस.
करुणा


हैदराबाद, २३ एप्रिल २०२५

ती. करुणाआत्या यांस,
सप्रेम जयभीम.

आपण चौकशी समितीसारखं पत्र लिहिलंत, म्हणून उत्तरही तसंच देतो.

सोलापूरहून रोज थेट नागपूर, थेट कोची अशी विमानं भरत नाहीत. म्हणून सकाळी अठरा लहान गावांची विमानं एका तासात हैदराबादला आणायची, प्रवाशांची अदलाबदल करायची आणि पावणेअकरापासून एकेक बाहेर सोडायचं. एक थांबलं की मागची साखळी कोलमडते. नागपूरचं तेच विमान पुढे रायपूरला जातं. रायपूरला एकतीस जण पुढच्या विमानासाठी त्याच्यावर अवलंबून होते. पाचांपेक्षा कमी प्रवाशांसाठी विमान थांबवायचं नाही असा नियम आहे. सोलापूरहून आलेले तिघे होते.

हा नियम फेब्रुवारीत मी लिहिला आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या दिवसापासून आमची विमानं वेळेवर सुटतात. आपण जन्मात विमानात बसलेल्या नाहीत. स्वरालीच्या चहाड्या ऐकून निवाडा देऊ नये. आणि आईला यातलं काही सांगू नये. ती आधीच खचली आहे.

लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे.
सुमित


बारामती, २८ एप्रिल २०२५

चि. सुमित यास,
आशीर्वाद.

पानभर लिहिलंस आणि प्रश्न जागच्या जागी. परीक्षेत असं लिहिणाऱ्याला मी भोपळा देत असे.

विमानात बसले नाही हे खरं. पण भवानीनगरच्या शाळेचं वेळापत्रक मी बावीस वर्षं केलं. नरसिंहपूरहून येणारी एसटी वाटेतल्या गावांची चाळीस मुलं घेऊन रोज दहा मिनिटं उशिरा यायची. मी पहिला तास दहा मिनिटं पुढे ढकलला. एसटीला शिस्त लावत बसले नाही.

सोलापूरचं विमान तुझ्या रांगेत सगळ्यांत शेवटी का येतं, हेही मी विचारून घेतलं. ते पहाटे आधी भरणा असलेल्या मोठ्या गावाला जाऊन येतं, आणि उरलेल्या वेळात सोलापूर. म्हणजे मोठ्यांना आधी ताट वाढायचं आणि सणसरच्या बाईला खरवड. वर चाळीस मिनिटं पुरतात असं सांगून तिकीट विकायचं. महिन्यातून किती वेळा पुरतात ते तुलाच माहीत असणार. तरी आईला त्याच विमानात बसवलंस, कारण तुला तिला तुझं कर्तृत्व दाखवायचं होतं.

बुद्धपौर्णिमेला वहिनी सणसरच्या विहारात नकोशीबाईंसाठी पुण्यानुमोदन ठेवणार आहेत. तोवर येऊन खरं काय ते आईला स्वतः सांग. नाही आलास तर मी सांगेन, आणि मला मऊ भाषा येत नाही.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.
करुणा


हैदराबाद, ४ मे २०२५

ती. आत्या,
जयभीम.

हो, ठाऊक होतं. पडद्यावर तीन नावं होती, तिसरं आईचं. झालं समाधान?

माझ्या मागे सहा जण बसतात. फेब्रुवारीपासून मी त्यांना कुणासाठीही विमान थांबवू दिलेलं नाही. एकाची बायको गरोदर होती, तिच्यासाठीसुद्धा नाही. मग माझ्या आईसाठी कसं थांबवू?

हे मी कुठे शिकलो ते विचारा. नववीत बाबांना दवाखान्यात डबा देऊन मी शाळेत चार मिनिटं उशिरा पोचलो. आपण फाटकाला कुलूप घातलं होतंत. सगळ्यांदेखत आपण म्हणालात की भाच्यासाठी वेगळं फाटक नसतं. मी दुपारपर्यंत उन्हात उभा होतो. नरसिंहपूरच्या मुलांना दहा मिनिटं आणि मला चार नाहीत. तेव्हा मला बोलण्याचा अधिकार आपल्याला तरी नाही.

आईला मी त्या संध्याकाळी सांगितलं की वादळामुळे सगळा घोळ झाला. सोबतच्या बंद पाकिटात तिच्यासाठी खरं लिहिलंय. मला पौर्णिमेला निघता येत नाही, नवं वेळापत्रक लागायचंय. तिला वाचता येत नाही, तेव्हा आपणच वाचून दाखवा.

लोभ ठेवायचा की नाही ते आपण ठरवा.
सुमित


सणसर, १३ मे २०२५

चि. सुमित यास,
आशीर्वाद.

फाटकाला कुलूप मी घातलं. तुला दुपारपर्यंत उन्हात ठेवलं ती माझी चूक होती, आणि ती त्याच दिवशी मान्य करायला हवी होती. आज लिहून देते. पण कुलूप वाऱ्याने लागलं असं मी तुला कधी सांगितलं नाही.

काल विहारात वंदना आटोपल्यावर तुझं पाकीट वहिनींसमोर ठेवलं. त्यांनी ते फोडू दिलं नाही. परत पाठवत आहे. त्या बोलल्या ते खाली उतरवून घेतलंय. एकही शब्द मी सुधारलेला नाही.
करुणा

सुमित,
मला म्हाईत हाय. त्याच दिशी कळलं हुतं. मी दारापाशी रडाय लागले तवा तितल्या पोरीनं हिंदीत इचारलं, आजी, कंपनीत तुमचं कोण हाय का. म्या तुजं नाव सांगितलं, लई तोऱ्यात. तिनं तोंड पाडलं. म्हणली, त्यांनीच न्हाय म्हटलंय. म्या म्हटलं, मग बरुबर आसंल. आत एवढी मानसं बसल्यात, त्यांची बी कुणीतरी वाट बघत आसंल. तुजी आत्या आता बोलती, पर आट तास तितं बसून तुजी बाजू म्या एकटीनं घेतली.

मग दिवस मावळायला तुजा फोन आला, आन् तू वादळ म्हणलास. बाबा, त्या थोरल्या काचंतनं दिसभर मी आभाळच बघत हुते. ढगाचा ठिपका न्हवता.

नकोशी गेली त्येचं खापर तुज्यावर फोडत न्हाय. ती जायाचीच हुती. पर तुज्या बापानं कवा माज्याशी खोटं केलं न्हाय, आन् तू ते दुसऱ्याच्या तोंडनं निस्तराय बघतूस.

माया हाय. ती कमी हुयाची न्हाय. पर हितं येऊन, माज्याकडं बघून सांगशील, तवर तुजा आवाज मला ऐकायचा न्हाय.
रंगुबाई