जास्तीचे तीन

मर्गिलान, १२ मार्च

आदरणीय हिकमत अका,

तुम्ही, वहिनी, मुलं आणि मागावर बसलं की उठणारा तुमचा खोकला, सगळे बरे आहात ना? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र वहिनीच्या पिशवीत मटण भरलेल्या सामशांच्या रिकाम्या डब्याखाली ठेवतेय. दोन गल्ल्या पलीकडच्या सख्ख्या भावाला पत्र लिहायचं! असो.

इकडे ठीक. जर्दाळूला कळ्या आल्यात. रजयांच्या कारखान्यात आम्ही तिघी, तोंडं चालू, हातही चालू. समरकंदच्या एका हॉटेलवाल्यानं मोठी ऑर्डर दिली. रजईमागे एकशे बारा हजार सोम भाव ठरला, हातावर हात मारला, आणि घरी येऊन कपाळावर मारला. कर भावाच्या आत की वर, हे विचारलंच नव्हतं! हात मारल्यावर भाव हलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणजे कर आत.

मग एकशे बाराचे बारा टक्के काढून रडत बसले. हिशेब बघणारी सानोबर हसायला लागली. "आपा, शंभरावर बारा चढले म्हणून एकशे बारा झाले. आतला कर बाराच. तुम्ही करावरही कर लावताय!"

आता रागावू नका. गेल्या पानगळीत मी बिल मागितलं, तर तुम्ही अर्धा चहा टाकून उठलात. "बहीण भावाकडे बिल मागते? मी काय परका?" नात्यात बिल मागत नाहीत, हे मला का माहीत नाही? पण ऐका तरी.

सगळे आकडे हजार सोममध्ये धरा, कापूस-दोरा सोडून द्या. तुम्ही सूत अठ्ठावीसला घेता, त्यात कर तीन. त्याचं अद्रस कापड विणून मला छप्पन्नला देता. मी रजई एकशे बाराला विकते, त्यात कर बारा. सरकारला या रजईमागे हवेत बारा, आणि प्रत्येकानं आपण घातलेल्या भरीपुरतेच द्यायचे. सूतवाल्यानं तीन, तुम्ही तीन, मी सहा. पण तुमची करासाठी नोंदणी नाही, बिल नाही. म्हणून मला मागचं काही वजा करता येत नाही, बाराच्या बारा मीच भरते. सूतवाल्याचे तीन गेलेत ते वेगळेच. झाले पंधरा! हे जास्तीचे तीन सरकार मागत नाही, अका. ते तुमच्या रुसव्याचे आहेत.

नोंदणी केलीत तर तुमच्यावर कर येईल, कळतं मला. तो एकट्याच्या गळ्यात घालणार नाही. कापडाचा भाव थोडा चढवा. तुमचं काही जाणार नाही आणि माझंही थोडं वाचेल. किती चढवायचा ते बसून ठरवू, भांडून ठरवू.

गिरणीचा व्यापारी बिलासकट कापड देतोय. नवरोजच्या आत कापायला घेतलं नाही, तर ऑर्डर हातची जाईल आणि या दोघींना घरी बसवावं लागेल. त्याचं ठाण टेबलावर पडून आहे. कापड कापणारी झरीफा विचारते, "आपा, कापू?" मी म्हटलं, कात्रीला धार नाही. काल ती धार लावून घेऊन आली. आज म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवर होता. अका, तुमच्या अद्रसाची सवय झालेल्या हातांना ते कापड मानवतच नाही.

वहिनी सांगत होती, जेवताना तुम्ही चिडून विचारता, "ते बिल असतं तरी कसं?" चिडून का होईना, विचारलंत! तेवढ्या आनंदात मी आज पुलाव केला.

तर ऐका कसं असतं. ते फोनवर येतं. वर विकणाऱ्याचं नाव, त्याखाली घेणाऱ्याचं. तुम्ही म्हणता, ते परक्यांसाठी. आई गेल्यापासून आपली दोघांची नावं एका जागी कुठे आली, सांगा बरं?

माझा फोन नका उचलू हवं तर. नोंदणी करा आणि ते बिल तेवढं पाठवा. घंटी वाजली की गिरणीचं ठाण परत करते आणि चहा ठेवते. तुमचा अर्धा राहिलाय.

तुमच्या नावाखाली जागा धरून बसलेली,
मुहाय्यो