दगडापलीकडची जाळरेषा

बाबा, एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहिली. जाळरेषा काढताना तुम्ही हद्दीच्या दगडापाशी थांबत का नव्हता? उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा आपणच जाळून ठेवायचा, म्हणजे वणवा आला तर तिथे अडतो. वनरक्षकाचं काम एवढंच, आणि तेही दगडापर्यंत. पलीकडचं गायरान महसूल खात्याचं. तुम्ही मात्र तेही जाळत थेट पाड्याच्या कुडापर्यंत जायचात. तलाठी भाऊसाहेब आपल्याकडे येऊन स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी खात बसलेत, तुम्ही म्हणताय, "तुमचं गवत जाळून आलो हो," आणि ते म्हणतात, "बेस केलंत. टँकर लागला तर निरोप धाडा." झाला करार! एका वर्षी वरून खुलासा मागवला, खात्याचे मजूर परक्या हद्दीत का नेले म्हणून. आई कडाडली, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस भारी!" माझं अक्षर बरं, म्हणून खुलासा मी लिहिला. तुम्ही सांगितलंत, "लिही, वारा त्या बाजूने येतो." पुढे त्याचं काय झालं, मला कधी कळलंच नाही.

आता मीही वनरक्षक, आणि तलासरीचा तोच बीट, तुमचाच जंगलाचा टापू, माझ्याकडे आहे. डहाणूला दोन्ही खात्यांची समन्वय बैठक होते, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, कोणाकडे पाचोळा उडवून आग अडवायचे ब्लोअर, कोणाकडे टँकर याची यादी आहे. तुम्ही हसला असता, पण यादी खरंच कामाची आहे. यंदा गायरानातल्या पट्ट्यासाठी मी महसुलाला पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, आणि मी दगडापाशी थांबले. होळीनंतर गायरान पेटलं. ग्रुपवर निरोप टाकताच त्यांचा टँकर आला, आमचे ब्लोअर आले, जंगलातलं एक झाड गेलं नाही. पाड्यावरच्या एका म्हातारीची पेंढ्याची गंजी तेवढी जळली. पावसापर्यंतचा तिच्या बैलांचा चारा होता तो.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेले, तर ती राख काठीने चाळत बसलेली. "तुजा बापूस पार आमच्या कुडापरत जालीत यायचा," ती म्हणाली. "तुला कोनी आडवली?"

"आजी, पत्र आलं नव्हतं," मी म्हटलं. तिने मान डोलावली, तेव्हा मला जास्तच लाज वाटली. खुलासा सांगताना तुम्हीही आतून घाबरला होतात का, हे मला आता फार जाणून घ्यावंसं वाटतं. हे कागद कुठल्या टपालात पडायचे नाहीत, म्हणून खरं लिहिते. मला कोणीही अडवलं नव्हतं, बाबा. मीच खुलाशाला भ्यायले.